छ्या मिस्त्री आणि शाहिरांची अकरा मिनिटे

कोणताही डबा उघडला की मिस्त्री आधी एक पाऊल मागे सरत, गळ्यातल्या पंच्याचे टोक नाकाला लावत आणि म्हणत, "छ्या!" त्यानंतर काम सुरू होई. हे 'छ्या' गिऱ्हाइकाला ऐकवण्यासाठी नसे. दुकानात एकटे असतानाही ते तितक्याच जोरात म्हणत. शेजारच्या खोलीत एका दैनिकाचे तालुका कार्यालय होते, मधली भिंत पत्र्याची होती आणि त्या कार्यालयात मी नऊ वर्षे बसत होतो. त्यामुळे हे खात्रीने सांगता येते.

दुकान पाटोद्यात, बसस्थानकामागच्या गल्लीत होते. पाटीवर टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि रेकॉर्डिंगचे डबे दुरुस्त करून मिळतील असे लिहिले होते. खाली मालकाचे नाव होते, पण ते पोस्टमनखेरीज कुणाच्या उपयोगाचे नव्हते. गाव त्यांना छ्या मिस्त्री म्हणे, तोंडावर नुसते मिस्त्री. पाठीमागचे नाव त्यांना ठाऊक होते. "बरोबर ठेवलंय," ते म्हणत. "दुसरं काय म्हणणार?"

डब्यांत काय निघे ते नोंदवायला हवे. रेकॉर्डिंगचा डबा दिवसरात्र चालू असतो, म्हणून कोमट असतो, आणि उबेला जे जे येते ते त्यात वस्तीला राहते. जिवंत झुरळे, मेलेली झुरळे, त्यांची तपकिरी अंडी, पालीचा सुकलेला सांगाडा, मुंग्यांनी वाहून आणलेली साखर. माणसांकडून येते ते वेगळे: उदबत्तीची राख, केस, सुपारीचा भुगा, चहाच्या सायीचे वाळलेले पापुद्रे. मिस्त्री हे सारे दाढीच्या ब्रशने जुन्या वर्तमानपत्रावर काढत आणि गिऱ्हाइकासमोर धरत. गिऱ्हाईक तोंड फिरवी. "बगा, बगा," मिस्त्री म्हणत. "माझं न्हाई, तुमच्याच घरचं हाय."

अशा डब्याची डिस्क नीट बदलून देणारे फार कुणी नव्हते, म्हणून लांबून लोक येत. घाटनांदूरहून एक बाई बस बदलत, डबा मांडीवर घेऊन आल्या होत्या. डबा अडकत होता, चित्र थांबत होते. मिस्त्रींनी झाकण उलटे केले. आतल्या सर्किटच्या पट्टीवर पिवळट पाणी वाळून त्याला हिरवी बुरशी आली होती आणि आंबट वास पत्र्याच्या अलीकडे माझ्या टेबलापर्यंत आला.

"ह्याच्यावर काय ठेवता मावशी?"

"विरजणाचं पातेलं. ऊब असती न्हवं. दही लई घट्ट लागतंय."

"घट्ट लागणारच की. सगळं पाणी हिकडं उतरलंय."

बाई हसल्या नाहीत. "नीट व्हईल का पण?"

"व्हईल. पण नीट झाल्यावर ह्यात मालिका बगायच्या का दही लावायचं, ते एक ठरवा."

"किळस यायला पायजे," हे त्यांचे आवडते वाक्य होते. त्यांचे म्हणणे असे की ज्याला घाणीची किळस येत नाही तो घाण तशीच ठेवून झाकण लावतो. हे ते इतर मेकॅनिकांबद्दल म्हणत, नगरपंचायतीबद्दल म्हणत, आणि एकदा माझ्याबद्दल म्हणाले. पाण्याच्या टाकीत मेलेले कबूतर सापडले होते. मी बातमीत 'नागरिकांत तीव्र नाराजी' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्यावर थाप पडली.

"नाराजी? कबूतर सडलंय पाण्यात, लोकं चार दिस त्येच प्याली, आन् नाराजी? लिवताना तुमाला किळस आली न्हाई का पत्रकार?"

मी म्हणालो, तशी भाषा छापत नाहीत.

"कावून न्हाई छापत? पाणी प्यायला चालतं, छापायला चालत न्हाई व्हय?"

 

आता कामाबद्दल. रेकॉर्डिंगच्या डब्यात एक हार्ड डिस्क असते. कार्यक्रम तिच्यात साठतात. ती भरली की जुने पुसल्याशिवाय नवे साठवता येत नाही, म्हणून लोक मोठी डिस्क घालून मागत. जुनी काढायची, दोन्ही संगणकाला जोडायच्या, जुनीवरचा कण न् कण नवीवर उतरवायचा आणि नवी डब्यात बसवायची. उतरवायलाच सहा-सात तास लागत. एवढे झाल्यावरही डबा पडद्यावर विचारतो, की ही डिस्क कोरी करून वापरायला घेऊ का? त्या क्षणी घरातल्या कुणी घाईने 'हो' दाबले की सगळे गेले. मिस्त्री ज्या डब्यांवर काम करत, ते एकदा 'हो' म्हटल्यावर जुन्या डिस्कलाही पुन्हा ओळख देत नसत.

म्हणून मिस्त्री घरात शिरताच म्हणत, "रिमोट आणा आधी." रिमोटमधले सेल काढून ते शर्टाच्या खिशात टाकत आणि वरून बटण लावत. काम संपेपर्यंत सेल तिथेच. एका निवृत्त तलाठ्यांनी कुरकुर केली, "अहो, बातम्या तरी बघू द्या."

"बगा की. डबा माझ्या मांडीवर हाय, टीव्ही भिंतीवर हाय. काय दिसतंय ते बगा."

दुसरी सवय फोनची. कुणीतरी एकदा त्यांच्यावर लग्नाचा कार्यक्रम पुसल्याचा आळ घेतला होता. तेव्हापासून काम संपले की ते डबा लावत, जुने रेकॉर्डिंग चालू करत आणि टीव्हीसमोर फोन धरून अर्धा-पाऊण मिनिट चित्र घेत. घेताना स्वतः बोलत: गाव, घर, कोणती डिस्क काढली, कोणती घातली, रेकॉर्डिंग चालू आहे. पंचनाम्याची भाषा असे. मधेच घराच्या स्वच्छतेवर शेरा असे. असे कितीतरी तुकडे त्यांच्या फोनमध्ये होते. प्रत्येकात मागे कुणाची तरी मालिका किंवा सामना, आणि पुढे मिस्त्रींचा वैतागलेला आवाज.

एका घरी टीव्ही देवघराला लागून होता. मिस्त्रींना ओसरीवर बसवले आणि डबा बाहेर आणून दिला. कारण कुणी सांगितले नाही. मिस्त्री बौद्ध आहेत हे पाटोद्यात कुणाला सांगावे लागत नसे. त्यांनी ओसरीवर झाकण उघडले. झुरळांची एक आख्खी पिढी बाहेर आली आणि उंबरा ओलांडून घरात पळाली. मालकीण ओरडल्या. मिस्त्री 'छ्या' म्हणाले, ब्रश झटकला आणि म्हणाले, "ह्यांना कुणी आडवलं न्हाई बगा." काम त्यांनी पूर्ण केले. चहा आला, तो घेतला नाही. पुढे त्या घरातून दोनदा बोलावणे आले. दोन्ही वेळा डिस्क उपलब्ध नसल्याचे त्यांनी सांगितले. दुकानात तेव्हा डिस्क होत्या. मी पाहिल्या होत्या.

डिस्कवरूनही एक प्रकरण झाले. शहरातल्या एका पुरवठादाराने नवी म्हणून पाठवलेली डिस्क त्यांनी सवयीने आधी संगणकाला लावून पाहिली. ती कुठल्यातरी लॉजच्या कॅमेऱ्यांतून काढलेली होती. पडद्यावर एक बोळ आला, दरवाजे आले, डोक्यावरून पदर ओढून घाईने चालणारी एक बाई आली. मिस्त्रींनी तार उपटली आणि फोन लावला. तो ते नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत.

"डिस्क चालू हाय ना काका? मग काय प्रॉब्लेम?"

"चालू हाय. उष्टी हाय."

"काय हाय?"

"उष्टी! दुसऱ्यानं खाऊन टाकल्याली. कुणाची आयबहीण हाय त्यात, तुला ठावं हाय का बे?"

ती डिस्क त्यांनी दिवसभर लावून ठेवून पूर्ण कोरी केली, मग परत पाठवली, आणि त्या माणसाकडून पुन्हा माल घेतला नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना एवढेच म्हणाले, "धर्मांतर झाल्यावर माझ्या आजीनं दारोदारचं उष्टं आणायचं सोडलं. घरात दोन दिस चूल पेटली न्हाई, पण न्हाई आणलं. आन् मी गिऱ्हाइकाच्या घरात उष्टं नेऊन घालू व्हय?"

गल्लीच्या टोकाला शाहिरांचे घर होते. शाहीर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते आणि उरलेल्या वेळात गात. जयंतीच्या काळात आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणे असे. स्वतःची गाणी स्वतः रचत, हातात डफ. कुणी मोबाईल पुढे केला की गाणे थांबवत. "समोर बसून ऐका," म्हणत. परिणामी त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. अपवाद एक. एका वाहिनीने त्यांना जयंतीच्या कार्यक्रमासाठी बोलावले होते आणि ते अकरा मिनिटे गायले. घरच्यांनी ते डब्यात रेकॉर्ड केले. दोन वर्षांनी शाहीर गेले. मुलाने वाहिनीकडे दोनदा विचारणा केली. उत्तर आले नाही.

त्यांच्या पत्नी ताराबाई. दर पौर्णिमेला घरात वंदना झाली की त्या टीव्हीसमोर बसत आणि ती अकरा मिनिटे लावत. मधे कुणी बोलत नसे. बाकीचे एकोणतीस दिवस त्याच डब्यात सामने आणि कार्टून भरत होते. डिस्क भरली. नातवंडांनी जागा करण्यासाठी पुसण्याचे बटण दाबायला सुरुवात केली आणि एकदा शाहिरांच्या नावापर्यंत पोचली. तेव्हा मोठा मुलगा प्रदीप, जो पंचायत समितीत कंत्राटी संगणकचालक आहे, मिस्त्रींकडे आला.

डबा घराबाहेर न्यायचा नाही असे मिस्त्रींनीच ठरवले. स्वतःचा संगणक गोणपाटात गुंडाळून ते मोपेडवर घेऊन गेले. तो रविवार होता, मीही गेलो होतो. मिस्त्रींनी सेल खिशात टाकले, स्क्रू काढले, झाकण उचलले.

"छ्या! अक्का, ह्यात कापूस पिकवायचा हाय का?"

"पोरंच पुसत न्हाईत बगा," ताराबाई म्हणाल्या. "मी तरी कुठवर पुसू?"

"शाहीर हायती आत. त्यांच्या नाकातोंडात चाललंय हे."

ताराबाई उठल्या आणि फडके घेऊन आल्या. सकाळी नऊला लावलेले उतरवण्याचे काम चारला संपले. तेवढ्या वेळात मिस्त्री त्या दोन डिस्कांजवळून एकदाच उठले, जेवायला. नवी डिस्क बसली. पडद्यावर प्रश्न आला, कोरी करू का. मिस्त्रींनी सेल घातले, स्वतः 'नाही' दाबले, वाढलेली जागा डब्याला दाखवून दिली आणि यादीतून शाहीर काढले. मग नेहमीप्रमाणे फोन वर केला आणि बोलत बोलत आपला तुकडा घेतला.

प्रदीपनेही फोन काढला. "काका, मी सगळंच शूट करून घेतो. अकरा मिनिटं."

"छ्या!" मिस्त्री म्हणाले. "टीव्हीसमोर मोबाईल धरून? पंख्याचा आवाज, पोरांचा आवाज, बाहीर कुत्रं भुकतंय. शाहिराचा आवाज असला फाटका ठेवता व्हय? त्यो डब्यातून तारेनं संगणकात घ्यायचा. नितळ. पत्रकारांच्या बीडच्या हापिसात तसलं यंत्र हाय. व्हय ना?"

मी होय म्हणालो. पुढच्या आठवड्यात आणतो असेही म्हणालो. प्रदीपने फोन खिशात ठेवला.

निघताना मिस्त्रींनी जुनी डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून ताराबाईंच्या हातात दिली. डब्यातले रेकॉर्डिंग त्याच डब्याच्या कुलपात असते हे त्यांनी सांगितले. "ही जपा अक्का. नवी बिघडली तर ही हाय. पण ही दुसऱ्या कुठल्या डब्यात बोलत न्हाई. ह्योच डबा पायजे." डिस्क शाहिरांच्या डफाशेजारी, ट्रंकेत, ताराबाईंच्या पांढऱ्या साडीच्या घडीत गेली. त्या घरात यापेक्षा सुरक्षित जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात पत्र्यावर थाप पडली. "आणलं का?" नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा थाप, तेव्हा निवडणूक होती. मग पाणीटंचाई. मग ते यंत्र दुसऱ्या कुणीतरी नेले होते. ही कारणे खरी होती. बीड ते पाटोदा मी या काळात जवळजवळ दर आठवड्याला येत-जात होतो, हेही खरे आहे. असे दहा महिने गेले.

त्यानंतर गल्लीत एका एजन्सीचा माणूस आला. जुना डबा द्या, नवा फुकट घ्या, अशी योजना होती. ताराबाई तेव्हा उमापूरला बहिणीकडे गेल्या होत्या. प्रदीपने विचार केला, आणि तो बेफिकीरपणे केला असे म्हणता येणार नाही. त्याने आधी ट्रंक उघडली, साडीच्या घडीत डिस्क आहे याची खात्री केली, आणि मग डबा देऊन टाकला. गाणे डिस्कमध्ये असते हे त्याला संगणक चालवून माहीत होते. डिस्क घरात होती. म्हणजे गाणे घरात होते.

ताराबाई पौर्णिमेच्या सकाळी परतल्या. वंदना झाली. टीव्ही लावला. त्याच दुपारी प्रदीप डिस्क घेऊन दुकानात आला.

"काका, नव्या डब्यात एवढं लावून द्या."

मिस्त्रींनी डिस्क हातात घेतली, उलटी केली. "जुना डबा कुठंय?"

"दिला की. एक्सचेंजमधी."

"कुठं दिला बे?"

"एजन्सीवाल्याला. पण काका, डिस्क हाय ना. तुमीच म्हणलता जपा म्हणून. आईच्या साडीत हुती, धक्का लागला न्हाई तिला."

मिस्त्रींनी डिस्क टेबलावर ठेवली. म्हणाले, "मी म्हणलतो ह्योच डबा पायजे."

"मला वाटलं, तसला डबा. त्या जातीचा."

पत्र्याच्या अलीकडे बसून मी हे ऐकले. यावेळी थाप पडली नाही. मीच उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बीडला गेलो. प्रत्येक डब्याचा नंबर मिस्त्री वहीत लिहून ठेवत, तो त्यांच्याजवळ होता. एजन्सीचे गोदाम म्हणजे बाह्यवळणावरची पत्र्याची शेड. आत डब्यांचा ढीग छताला टेकला होता. पत्रा गळका होता, खालचे थर भिजून काळे झाले होते. उंदरांच्या लेंड्या बोटभर जाडीच्या होत्या. कोपरा माणसांनी मुतारीसारखा वापरला होता आणि उरलेल्या भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. दाराशी फोनवर रील पाहत बसलेल्या माणसाने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"जुन्या डब्याचं काय लोणचं घालायचंय का काका?"

"एक डबा शोधायचाय."

"शोधा की. संध्याकाळला भंगाराची गाडी येणार हाय, तवर शोधा." त्याने पिचकारी मारली. ती ढिगावरच पडली.

मिस्त्रींनी पंचा डोक्याला बांधला आणि ढिगात हात घातला. नाकाला काही लावले नाही. अकरा वाजता सुरुवात केली. डबा उचलायचा, उलटा करायचा, नंबर वाचायचा, बाजूला ठेवायचा. एका डब्यातून उंदराची गुलाबी पिल्ले त्यांच्या मनगटावर पडली. त्यांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली. त्या सहा तासांत त्यांनी एकदाही 'छ्या' म्हटले नाही. मी दोनदा बाहेर जाऊन ओकलो.

पाचच्या सुमाराला डबा सापडला. नंबर वाचण्याआधीच त्यांनी ओळखला, कारण आपण बसवलेल्या स्क्रूवर ते लाल नखपॉलिशचा ठिपका देत. ठिपका होता, पण स्क्रू नुसताच भोकात अडकला होता. झाकण हाताने निघाले. आतली पट्टी, जिच्यात डब्याचे कुलूप असते, ती तांब्यासाठी उपटून नेली होती. डिस्क नव्हती. खाली थोडी धूळ होती आणि दोन मेलेली झुरळे.

तेव्हा मिस्त्री 'छ्या' म्हणाले. नेहमीपेक्षा हळू. ते डब्याकडे पाहत नव्हते. मी त्यांच्यासमोर उभा होतो, म्हणून ते मला उद्देशून असावे असे मी धरून चाललो. परतीच्या बसमध्ये, चुंबळीच्या आसपास, ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पोरगा घेत हुता मोबाईलवर. मीच नको म्हणलो. फाटका आवाज नको म्हणलो." वास आमच्या दोघांच्या कपड्यांना होता. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

ताराबाईंना त्यांनीच सांगितले. रिकामा डबा समोर ठेवला आणि झाकण उघडून दाखवला.

"म्हंजी आवाज गेला?" त्यांनी विचारले.

"अकरा मिनिटं गेली अक्का. चाळीस सेकंद हायती." मिस्त्रींनी फोन काढला. "पण त्यात मी बडबडतोय."

त्यांनी तो तुकडा लावला आणि स्वतः उठून दारात जाऊन, पाठ करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. या नऊ वर्षांत ते पत्र्याच्या अलीकडे पहिल्यांदाच आले. खुर्चीवर बसले नाहीत. तुकडा माझ्या फोनवर पाठवला आणि विचारले, "ह्यातला माझा आवाज काढता येतो का? शाहीर तेवढं ठेवायचं, मला काढून टाकायचं. माझ्या आवाजाची मलाच किळस यायलीय."

यावेळी मी पुढचा आठवडा म्हटले नाही. त्याच दिवशी बीडला गेलो. कार्यालयातल्या माणसाने प्रयत्न केला. दोन आवाज एकमेकांत इतके मिसळले होते की वेगळे होईनात. पहिली ओळ मिस्त्रींच्या बोलण्याखाली होती. दुसरी ओळ मोकळी होती. पहिला भाग कापून टाकला तर एकोणीस सेकंदांचे निव्वळ गाणे उरत होते. तसे दोन तुकडे करून घेतले, एक एकोणीस सेकंदांचा आणि एक पूर्ण. मिस्त्रींनी लहान तुकडा ऐकला, मान हलवली. "हां. ह्यो द्या अक्काला. दुसरा पुसून टाका."

मी दोन्ही ठेवले.

त्या हिवाळ्यात मिस्त्रींची साखर वाढली, मग पायाची जखम भरेना, मग मूत्रपिंडे. दवाखान्यात मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी ते खाटेखालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. तिथे कुणाच्या तरी रक्ताने भरलेला बोळा पडला होता. "पडून ऱ्हायलाय काल धरनं," ते म्हणाले. "कुणालाच किळस न्हाई." त्यानंतर आठवड्याने ते गेले. बातमी मी दिली. तीन ओळींची होती. 'परिसरात हळहळ' हा शब्दप्रयोग मी लिहिला आणि खोडला. दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. पत्र्याची भिंत तशीच आहे.

मिस्त्री गेल्यावर मी ताराबाईंकडे दोन्ही तुकडे घेऊन गेलो. मिस्त्रींची इच्छा काय होती ते सांगितले. त्यांनी आधी एकोणीस सेकंदांचा ऐकला, मग चाळीसचा, मग पुन्हा चाळीसचा.

"ह्योच ऱ्हावू द्या," त्या म्हणाल्या.

"पण ते म्हणाले होते की..."

"म्हणू द्या. शाहीर तरी एवढंच उरल्यात. मिस्त्रीदादा दुसरीकडं कुठं हायती?"

त्या तुकड्यात काय आहे ते इथे नोंदवतो. पडद्यावर शाहीर डफ वाजवत उभे आहेत. फोन किंचित हलतो. शाहीर पहिली ओळ उचलतात, 'विहिरीचं पाणी आज गोड लागलं आई', आणि तिच्यावरून मिस्त्री बोलतात: "पाटोदा. शाहिराचं घर. जुनी डिस्क काढली, मोठी घातली. रेकॉर्डिंग चालू हाय. छ्या, ही टीव्हीची काच कुणी पुसतं का न्हाई ह्या घरात? शाहीर धुक्यात उभं ऱ्हायल्यावानी दिसायलेत." शाहीर दुसरी ओळ घेतात, 'आज मी माझ्या हातानं ओढून प्यालो'. तिथे मिस्त्री गप्प होतात. पंखा ऐकू येतो, बाहेरचे कुत्रे ऐकू येते. ओळ संपते आणि तुकडा संपतो.

दर पौर्णिमेला वंदनेनंतर प्रदीप तो नव्या टीव्हीवर लावतो. त्याआधी ताराबाई ओले फडके घेऊन काच पुसतात, कोपऱ्यांपर्यंत, आणि मागे सरून नितळ झाली का पाहतात. मग बसतात. मिस्त्री तरीही छ्या म्हणतातच.